हाफिज साहेबांनी मना केलं नव्हतं

डॉक्टर मॅडमनी टॉर्च बंद केला, पण खिशात ठेवला नाही. तो हातात धरूनच त्या उभ्या राहिल्या. माझी नात सुमैय्या आईच्या मांडीवर तोंड उघडं टाकून बसली होती. तिच्या घशात मागच्या बाजूला करड्या रंगाचं काहीतरी चिकटलं होतं, ओल्या राखेचा थर बसावा तसं. ते मलाही दिसलं होतं.

"डिप्थेरिया," मॅडम म्हणाल्या. मग आमचे चेहरे पाहून मराठीत म्हणाल्या, "घटसर्प."

हा शब्द मी लहानपणी खामगावला टांग्याच्या अड्ड्यावर ऐकला होता. म्हातारे लोक तो उच्चारताना आवाज खाली करायचे. मला वाटलं होतं, ती माणसं गेली तसा तो शब्दही गेला असेल.

"लशी दिल्या होत्या का?"

माझी सून नसरीन खाली पाहून म्हणाली, "एकच दिली मॅडम. पहिली. मंग नाही दिली. आमच्या हाफिज साहेबांनी मना केलं होतं."

मी तिच्या शेजारीच उभा होतो. हाफिज साहेबांनी मना केलं नव्हतं. त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं, आणि मी खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत राहिलो. त्याच्या फांद्यांत धुकं अडकलं होतं. बुलढाणा उंचावर आहे, थंडीत तिथे सकाळ उशिरापर्यंत पांढरी असते. आजही ते दिवस आठवले की सगळं त्या पांढऱ्यातूनच दिसतं.

आमचं गाव देऊळघाटच्या पुढे आहे. नाव लिहीत नाही, कारण गावाचा दोष नव्हता. तरुणपणी मी खामगाव स्टेशनवर टांगा हाकायचो. जलंबहून येणाऱ्या गाडीची वाट पाहण्यात माझी निम्मी उमर गेली. रिक्षा आल्या, टांगे बसले, तेव्हा गावी परतलो. घोडी विकली, तिचे घुंगरू मात्र ठेवले. पुढे मशिदीच्या कमिटीत घेतलं गेलं आणि आवाज मोठा म्हणून ऐलान करायचं काम माझ्याकडे आलं. कोणाची बकरी हरवली, कोणाची मय्यत झाली, रेशनचं धान्य आलं, सगळं गाव माझ्या तोंडून ऐकतं. ऐलान दोनदा करायचं, ही आमच्याकडची रीत. पहिल्यांदा लोक नुसता आवाज ऐकतात, दुसऱ्यांदा बात ऐकतात.

आजार कसा सुरू झाला ते आधी सांगतो, कारण हे वाचणाऱ्या कोणाच्या घरात कदाचित आत्ताच एखादं मूल घसा दुखतो म्हणून कण्हत असेल.

सुरुवातीला काही भयंकर नव्हतं. अंगात कणकण होती, पण ताप मोठा नव्हता. घास गिळताना ती मान वाकडी करायची. आम्ही हळदीचं दूध दिलं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. मग तिच्या तोंडाला एक वास येऊ लागला, बंद खोलीत विसरलेल्या फुलांसारखा. मग मान दोन्ही बाजूंनी सुजली आणि श्वास घेताना बारीक शिट्टी वाजू लागली. तेव्हा आम्ही बुलढाण्याला निघालो. मुलगा इरफान ट्रक घेऊन दक्षिणेत गेला होता. शेजाऱ्याच्या रिक्षात नसरीन पोरीला छातीशी धरून बसली होती आणि मी त्या शिट्टीकडे कान लावून होतो. मुलांचा साधा घसा बहुतेक वेळा साधाच असतो. पण आत करडा थर दिसला, मान सुजली, श्वासाला आवाज आला, तर हळद-दूध बाजूला ठेवा आणि थेट मोठ्या दवाखान्यात जा.

सुमैय्याला आयसोलेशनमध्ये ठेवलं. आयसोलेशन म्हणजे वेगळी खोली, कारण हा आजार श्वासातून, खोकल्यातून दुसऱ्याला लागतो. आत फक्त आईला सोडलं, तीही तोंडाला मास्क बांधून. घशातून कापसाच्या काडीने नमुना घेतला, त्याला स्वॅब म्हणतात. त्याचा निकाल यायला वेळ लागतो, पण मॅडम म्हणाल्या, "निकालाची वाट पाहत बसले तर उशीर होईल. पेनिसिलिन सुरू केलंय, ते जंतू मारेल. पण जंतूंनी अंगात सोडलेलं विष त्याने जात नाही. त्याच्यासाठी अँटिटॉक्सिन लागतं. म्हणजे विषाचा उतारा. आपल्याकडे नाही. अकोल्याहून मागवलंय."

मी काचेतून पाहत होतो. सुमैय्याच्या गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. ती लहान असताना झोपली की मी त्या खळीवर बोट ठेवून बसायचो.

तेव्हाची गोष्ट आता सांगतो.

सुमैय्याची दादी, म्हणजे माझी बायको, गेली त्याच वर्षी सुमैय्या जन्मली. घरात रडणं आणि पाळणा एकाच वेळी आले. ती पोर माझ्याच कुशीत वाढली. ती दीड महिन्याची असताना तिला पहिली लस दिली. रात्री ताप आला, मांडीवर सुपारीएवढी गाठ आली आणि ती इतकी रडली की तिचा आवाज बसला. गावच्या आशाताईने, छायाने, आधीच सांगितलं होतं, असं होतं, दोन दिवसांत जातं. गेलंही. पण ते रडणं माझ्या कानांतून गेलं नाही.

पुढच्या वेळी छाया बोलवायला आली तेव्हा मी पोरीला उचलून कुशीत घट्ट धरलं. त्याच सुमारास कोणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला होता. लशीत डुकराचं काही असतं, मुस्लिमांच्या पोरींना पुढे मूल होऊ नये म्हणून देतात, असलं काहीबाही. मला ते खरं वाटलं की नाही, आज सांगता येत नाही. एवढं सांगता येतं की ते खरं असावं असं मला वाटत होतं. पोरीला पुन्हा रडताना पाहायचं नव्हतं आणि त्यासाठी मला एक मोठं कारण सापडलं होतं.

मी हाफिज साहेबांकडे गेलो. आमच्या मशिदीचे इमाम, वयाने माझ्या मुलाएवढे, पण दर्जाने मोठे. ते मला चाचा म्हणायचे. त्यांनी व्हिडिओ पाहिला आणि म्हणाले, "चाचा, मले याचं इल्म नाही. जे माहीत नाही त्याच्यावर हलाल-हराम बोलणं मोठा गुन्हा आहे. मी मोठ्या मुफ्ती साहेबांना विचारतो, असा निर्णय देणं त्यांचं काम. पण तोवर लस थांबवू नका."

मी घरी आलो. नसरीन बाळंतविडा आवरत बसली होती. तिने विचारलं, "काय म्हणाले अब्बा?"

मी म्हणालो, "मना केलं."

एवढंच. दोन शब्द. पुढच्या जुम्म्याला हाफिज साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मुफ्ती साहेब म्हणाले लस जायज आहे, लेकराचं अंग आई-बापाकडे अमानत आहे, अमानतीची हिफाजत टाळता येत नाही. मी "जी" म्हणालो. तो निरोप मी घरी नेलाच नाही. इरफाननेही वाद घातला नाही. इमामांनी मना केलंय म्हटल्यावर आमच्या घरात कोण बोलणार? पोलिओचे थेंब मात्र आम्ही दर वेळी दिले. त्यात सुई नव्हती, पोर रडत नव्हती. तेव्हा मला हलाल-हराम आठवलं नाही.

आणखी एक आठवलं नाही. टांग्याच्या अड्ड्यावर नाल ठोकताना खिळा लागला की आम्ही सगळे धावत जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचो. अब्बांनी मलाही कितीदा नेलं होतं. त्या बाटलीत काय आहे, असं आमच्या सगळ्या अड्ड्यात एकानेही कधी विचारलं नाही.

दुपारी मॅडम बाहेर आल्या. औषध घेऊन गाडी निघाली होती. त्यांनी नसरीनलाही दारापाशी बोलावलं.

"हे औषध कसं बनतं ते सांगते. घोड्यांना या विषाची कमजोर केलेली मात्रा थोडी थोडी टोचतात. घोड्याचं शरीर त्याच्यावर उतारा तयार करतं. मग घोड्याचं रक्त घेऊन त्यातून तो वेगळा काढतात. काही मुलांना घोड्याचं सोसत नाही, रिॲक्शन येते. म्हणून आधी कातडीखाली थेंबभर टोचून बघू. हिचा कधी घोड्यांशी संबंध आलाय?"

मला हसू आलं की रडू, कळलं नाही. "हिचा नाही मॅडम," मी म्हणालो. "माझा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग जपून म्हणाल्या, "रक्तापासून बनलंय. तुमच्यात काही अडचण असेल तर आत्ताच सांगा."

"द्या," मी म्हणालो.

त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. नसरीनने मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं. फक्त डोळे दिसत होते.

"अब्बा, कोणाले विचारायचं नाही?"

"नाही."

"हाफिज साहेबांले फोन लावू?"

"गरज नाही," मी म्हणालो. "देऊ दे."

ती आत गेली. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती, आणि म्हणूनच तो प्रश्न अजून माझ्या अंगात आहे. एका थेंबात डुक्कर असेल या शंकेवर मी सहा वर्षं पोरीला उघडं ठेवलं होतं, आणि समोर रक्त आहे म्हणून सांगितलं तर मला कोणालाही विचारावंसं वाटलं नाही.

गाडी येईपर्यंत मी कॉरिडॉरच्या बाकावर बसलो. ऊन तिरकं होऊन फरशीवर आलं होतं. वॉर्डातली सिस्टर दोनदा माझ्याजवळून गेली, मग थांबली. "बाबा, तुमी सकाळपासून काही खाल्लं नाही न? तुमी उपाशी राह्यल्यानं पोरीचा घसा उघडते काय? हे घ्या." तिने डब्यातली अर्धी पोळी माझ्या हातात ठेवली आणि पुढे गेली.

पोळी हातात धरूनच माझा डोळा लागला असावा. मला बुलढाण्याला चढणारा घाट दिसला. धुक्यातून घोडे वर येत होते, पांढरे, तांबडे, काळे, एकामागून एक, कोणाच्याही पाठीवर जीन नाही, तोंडात लगाम नाही. टापांचा आवाज नव्हता, नुसते श्वास होते. प्रत्येकाच्या मानेवर पैशाएवढी जागा भादरलेली. सगळ्यांच्या मागे माझी मैना होती, मी विकलेली घोडी. ती माझ्यासमोर थांबली आणि मान खाली करून उभी राहिली, ओझं उतरवून घे म्हणताना उभी राहायची तशी. मी तिच्या मानेवर हात ठेवला. ती गरम होती. मी विचारलं, कोणासाठी आलीस? तिने नाकाने फुर्र केलं आणि आत वॉर्डाच्या दिशेने चालू लागली.

जागा झालो तेव्हा एक माणूस बर्फाचा डबा घेऊन त्याच दारातून आत जात होता.

थेंबभर टोचलेल्या जागी काही उठलं नाही. मग सलाईनमधून औषध हळूहळू सोडलं. मी काचेशी उभा होतो. बाटलीतून थेंब पडत होता, आणि दर थेंबाला मला धुक्यात एक टाप ऐकू येत होती.

ज्यांच्यावर हे येईल त्यांना सांगतो, औषध दिल्याबरोबर काही बदलत नाही. तो थर, ज्याला मेंब्रेन म्हणतात, लगेच जात नाही. श्वास फारच अडला तर गळ्याला बाहेरून छेद देऊन नळी बसवतात, ती तयारी करून ठेवली होती. तिची वेळ आली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून शिट्टी बारीक होत गेली. थर कडेने सुटू लागला. पण मॅडम खूश दिसेनात. त्या रोज ईसीजी काढायच्या, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. "हे विष हृदयाला लागतं," त्या म्हणाल्या. "घसा बरा झाला म्हणून पोर बरी झाली असं नसतं. पळू द्यायचं नाही, उठू द्यायचं नाही."

या पडून राहण्याच्या दिवसांत हाफिज साहेब आले. त्यांना नसरीनने फोन केला होता. औषध देऊन झालं होतं, तरी तिच्या मनाला शांती नव्हती.

ते एस.टी.ने आले होते, पायजम्याच्या घोट्यांवर धूळ होती. हातात केळी. मॅडम तेव्हाच राउंडला आल्या. नसरीनने ओळख करून दिली आणि मॅडमचा चेहरा बदलला.

"तुम्हीच का ते? लस मना करणारे?" कॉरिडॉरमधले लोक वळून पाहू लागले. "काचेतून बघा जरा. सहा वर्षांची पोर आहे. तुमच्या एका शब्दाने झालंय हे. तुमच्या शब्दावर लोक आपली मुलं सोपवतात, कळतं का तुम्हाला?"

हाफिज साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. टांग्यात माणसं जास्त झाली की घोडा एकदा मागे वळून पाहतो, तशी ती नजर होती. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी हातातल्या टोपीची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"मॅडम," ते म्हणाले, "माझी बात लोकांपर्यंत नीट पोचली नाही. ती माझी कमी आहे."

मॅडम निघून गेल्या. मग ते नसरीनशी दारातूनच बोलले. म्हणाले, "बेटी, औषध दिलं ते बरोबर केलं. जीव जात असेल आणि दुसरा इलाज नसेल तर मनाई उठते. आणि हे आता रक्त राह्यलंच कुठे? चीज बदलली की हुकूम बदलते. लशीचं तर याहून सोपं आहे. एखादी चीज हराम आहे असं पक्कं कळत नाही तोवर तिला हराम म्हणायचा हक कोणालेच नाही. आणि हा आजार उडून शेजारच्या लेकराला लागणारा. आपल्या शंकेपायी त्याचं नुकसान करायची इजाजत आपला दीन, आपला धर्म देत नाही."

नसरीनने शांतपणे विचारलं, "मंग तेव्हा काऊन मना केलं होतं, हाफिज साहेब?"

हाफिज साहेब म्हणाले, "पाणी आहे काय बेटी?"

तिने बाटली दिली. ते खाली बसून तीन घोटांत पाणी प्यायले, बाटलीचं झाकण लावलं, पोरीला काचेतून दुआ दिली आणि गेले.

सुमैय्या बरी झाली. घरी आल्यावर तिचा आवाज नाकातून येऊ लागला आणि दूध पिताना ते नाकातून बाहेर यायचं. आम्ही घाबरून पुन्हा गेलो. टाळूच्या नसा विषाने काही दिवस लुळ्या पडतात, आपोआप सुधारतात, असं मॅडमनी समजावलं. आणि एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. हा आजार एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असं नसतं. तिला लशी द्याव्याच लागतील. घरातल्या सगळ्यांना गोळ्या आणि एक इंजेक्शन. मी बाही वर केली. सुमैय्या शेजारी उभी होती. नाकातल्या आवाजात म्हणाली, "दादा, रडजो नको हं."

गावात मात्र बातमी आमच्या आधी पोचली होती. तपासणीला माणसं आली, घराघरात विचारपूस झाली, आणि सगळ्यांनी एकच सांगितलं की इमामांनी मना केलं होतं. डॉक्टरीणबाईसमोर त्यांनी कबूलही केलं म्हणे. कमिटीची बैठक झाली. गावाची बदनामी झाली, इमाम बदलावा, असं ठरलं. त्या बैठकीत मी होतो. ज्यांनी माना हलवल्या त्यांत माझीही मान होती. हाफिज साहेब बायको-मुलांना घेऊन साखरखेर्ड्याला एका लहान मशिदीत गेले. जाताना माझ्या घरावरून गेले, सुमैय्याच्या हातावर खारका ठेवून गेले.

मला वाटलं, आता हे माझ्याबरोबरच मातीत जाईल. पण थोड्या दिवसांनी छाया आली. सुमैय्याला लस द्यायची तारीख सांगायला. ओट्यावर बसली, पदराने वारा घेत म्हणाली, "तुमच्या घरचं झालं बापा, पण बाकीच्यांचं काय करू? अर्धे घेऊन राह्यले, अर्धे म्हणतात हाफिज साहेबांनी मना केलंय. मी म्हणते, अहो ते गेले न गाव सोडून. तर म्हणतात, माणूस गेला म्हणून हुकूम जाते काय? एकजण तर म्हणे, बिचाऱ्याची नोकरी गेली पण शब्द नाही फिरवला, असा इमाम पाह्यजे."

ती हसली. मला हसू आलं नाही. मी मारलेली एक थाप आता एका चांगल्या माणसाच्या इज्जतीवर उभी राहून दुसऱ्यांच्या लेकरांच्या अंगावर सावली टाकत होती.

मी चिखलीला गाडी बदलून साखरखेर्ड्याला गेलो. हाफिज साहेब मशिदीच्या हौदापाशी शेवाळ घासत होते. मला पाहून उठले, हात धुतले, सलाम केला. मी रडायला लागलो तेव्हा त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "चाचा, मी साधा हाफिज, कुराण पाठ केलेला माणूस. तुम्ही मले एका दिवसात मुफ्ती करून टाकलं. एवढी तरक्की कोणाची होते?"

मी माफी मागितली. ते म्हणाले, "माफ तर दवाखान्यातच केलं होतं. दुसऱ्याची चूक, त्याचा ऐब झाकावा, असं आम्ही शिकलो. तुमचा चेहरा पाह्यला आणि तेवढंच आठवलं. पण एक अर्धी गोष्ट विसरलो. झाकल्यानं तिसऱ्याचं नुकसान होत असेल तर झाकायचं नसते. तुमच्या गावात लेकरं लशीविना राहून राह्यली, ते मीही ऐकलं. म्हणजे आता त्यात माझाही हिस्सा आहे. मी येऊन बोललो तर लोक म्हणतील, नोकरी परत पाह्यजे म्हणून पलटला. हे तुमच्याच तोंडून गेलं पाह्यजे. पण मशिदीआधी घरी सांगा. तुमच्या सुनेनं माझ्या नावावर भरोसा ठेवून आपलं लेकरू दवाखान्यात पाह्यलं. पहिला हक तिचा."

घरी आलो. नसरीन अंगणात तूर पाखडत होती. मी बाजेवर बसलो आणि सांगितलं. सूप थांबलं नाही. सांगून झालं तरी ती पाखडतच राहिली.

मग म्हणाली, "मले माहीत होतं, अब्बा."

"हाफिज साहेब बोलले?"

"ते काऊन बोलतीन? तुमी डॉक्टरीणबाईले एका झटक्यात 'द्या' म्हटलं न, तेव्हाच समजलं. ज्याच्या मनात खरंच मनाईचं भेव असते, तो थोडं तरी अडखळते." तिने सूप खाली ठेवलं. "मी वाट पाहून राह्यली होती. तुमी कधी बोलता त्याची."

"रागावली नाहीस?"

"लई रागावली. अजून आहे. जेवायला काय करू?"

जुम्म्याला नमाज झाल्यावर मी माईक हातात घेतला. लोक उठत होते, चपला शोधत होते, बकरी हरवली असेल कोणाची, अशा चेहऱ्याने. मी नेहमीसारखं म्हणालो, "हजरात, एक जरूरी ऐलान सुनिए." आणि पुढे मराठीत सांगितलं, कारण आमच्या भोंग्याचा आवाज बौद्धवाड्यात आणि माळ्यांच्या मळ्यांतही जातो आणि ही गोष्ट सगळ्यांनी ऐकायला हवी होती. की हाफिज साहेबांनी लस मना केली नव्हती. त्यांनी थांबवू नका म्हटलं होतं, आणि मुफ्ती साहेबांना विचारून जायज आहे असंही सांगितलं होतं. मना मी केलं, आणि त्यांचं नाव लावलं. की अंगणवाडीत लस आहे, लेकरांना न्या.

माझा आवाज मध्येच फाटला. शेवटचे शब्द खरखरीत गेले असावेत. चपला शोधणारे हात तसेच थांबले होते. मला माईक ठेवून निघून जावंसं वाटलं. पण हात सवयीने परत तोंडाशी आला. ऐलान दोनदा करायचं असतं.

"दुबारा सुनिए," मी म्हणालो. आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं.

कमिटीने पुढे काय केलं, कोण माझ्याशी बोलतं, कोण तोंड फिरवतं, ते सांगण्यासाठी हे लिहिलेलं नाही. माझी पोर आज अंगणात पळते, तिच्या रक्तात कुठल्यातरी अनोळखी घोड्याचे चार थेंब फिरले आणि तिला मागे घेऊन आले. त्या घोड्याला माझा सलाम पोचवायचा कसा, मला माहीत नाही. पहाटे फजरच्या नमाजेनंतर डोळा लागला की कधीकधी तो घाट दिसतो, आणि मी आता बाजूला उभा राहून त्यांना वाट देतो. तुमच्या मनात लशीविषयी शंका असेल तर लाजू नका, विचारा. शंका घेणं गुन्हा नाही. ज्याला इल्म आहे त्याला विचारा. आणि तो जे सांगेल ते, तेवढंच, घरी घेऊन जा.

त्या दिवशी मशिदीतून घरी आलो तेव्हा सुमैय्या ओट्यावर मैनाचे घुंगरू हातात घेऊन बसली होती. नसरीन चुलीपाशी होती. मी पाण्याच्या माठाजवळ उभा राहिलो.

"घरापर्यंत आवाज आला होता काय?" मी विचारलं.

"हाव," ती मागे न वळता म्हणाली. "पहिल्यांदा खरखर झाली. दुसऱ्यांदा साफ आला, अब्बा."